फोनवर आलेले तिकीट कुणाचे?

अशोक विजयादशमी जवळ आली की आमच्या वस्तीत एकच विचारणा सुरू होते, "नागपूरचे तिकीट झाले का?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर हातात धरून दाखवता यायचे. पहाटे उठून आरक्षणाच्या खिडकीवर रांग लावायची, फॉर्म भरायचा आणि ते छापील तिकीट घडी घालून घरी आणायचे. आमच्या घरी ते बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवले जाई. जायच्या दिवशी आई स्वतःच्या हाताने ते काढून देई. आता तिकीट फोनवर येते. एका बोटाने ते या फोनवरून त्या फोनवर जाते, आणि ज्याच्या फोनवर गेले त्याला वाटते, तिकीट आपले झाले.

आम्हालाही तसेच वाटले होते. त्याची गोष्ट आधी सांगतो.

२०२४ सालच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या घरातून चौघांनी दीक्षाभूमीवर जायचे ठरवले होते. आई, वहिनी, पुतणी आणि धाकटा भाऊ. त्या वेळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे. (१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली.) म्हणून जूनमध्येच चारही बर्थ पक्के करून ठेवले होते. जायला आठ दिवस उरले असताना भावाची रजा नामंजूर झाली. सणाच्या दिवसांत कंपनीत माणसे कमी, त्यामुळे साहेबांनी सोडले नाही. आता पक्का बर्थ वाया कसा घालवायचा? तेव्हा आईला तिच्या बहिणीची, म्हणजे आमच्या मावशीची आठवण झाली.

मावशीने चार घरची धुणीभांडी करून मुले वाढवली. चैत्यभूमीवर ती दरवर्षी जाते, पण नागपूर तिने कधी पाहिले नव्हते. भावाने तिकिटाचा मेसेज मावशीच्या नातवाच्या फोनवर पाठवून दिला आणि म्हणाला, "मावशे, तुझं तिकीट पाठवलं बघ." मावशीने जोडलेले हात अजून डोळ्यांपुढे आहेत. घरात कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. सगळ्यांत शिकलेले म्हणून घरचे ज्यांना विचारतात ते आम्हीच, आणि आम्हीही मान डोलावली.

गाडी कल्याणहून निघाली. इगतपुरी मागे पडल्यावर टी.सी. आले. त्यांनी आपल्या हातातल्या यंत्रात पाहिले आणि विचारले, "इथे पुरुष प्रवासी आहे, वय चौतीस. ते कुठे आहेत?" वहिनी गडबडून म्हणाल्या, "ते तिकडं हात धुवायला गेलेत." मावशीने वहिनींचा हात दाबला आणि सरळ सांगितले, "नाही साहेब. तो आलाच नाही. त्याच्या जागेवर मी आले." संध्याकाळीच विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन ती निघाली होती. खोटे बोलून दीक्षाभूमीवर जाणे तिला जमणारे नव्हते.

टी.सी. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, चारचौघांत अपमान केला नाही. पण पावती फाडली. गाडीभाडे आणि वर दंड. "बर्थ तुम्हाला देता येणार नाही, आजी. बहिणीच्या बर्थवर बसा," म्हणाले. मावशीने कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजून दिल्या. दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून दहावीतल्या नातवासाठी पुस्तके घ्यायची म्हणून वर्षभर बाजूला टाकलेले ते पैसे होते. रात्रभर दोघी बहिणी एका बर्थवर पाय आखडून बसल्या. परतल्यावर मावशी एवढेच म्हणाली, "पुस्तकं पुढच्या साली घेऊ."

चूक टी.सी.ची नव्हती, मावशीची तर नव्हतीच. ती आमची होती. मेसेज पाठवला म्हणजे तिकीट दिले, हा आमचा समज मुळातच खोटा होता. मग आम्ही आरक्षण केंद्रावर जाऊन विचारून घेतले, कायद्याचे पुस्तकही उघडले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो, म्हणजे निदान दुसऱ्या घरची मावशी तरी नीट झोपून जाईल.

आरक्षित तिकीट म्हणजे कागद नव्हे आणि फोनमधला मेसेजही नव्हे. ते म्हणजे रेल्वेच्या यादीतले नाव. मेसेज ही त्या नावाची फक्त खूण. खूण दहा जणांना पाठवता येते, पण नाव पाठवता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ चे कलम ५३ सांगते की ज्याच्या नावाने तिकीट दिले, त्यानेच ते वापरायचे. राखीव जागेचे तिकीट दुसऱ्याला प्रवासासाठी देणे किंवा विकणे, तसेच ते दुसऱ्याकडून घेणे, हा कलम १४२ खाली गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यात लिहिली आहे. शिवाय अशा तिकिटावर जो बसतो, त्याचे तिकीट जप्त होऊन तो विनातिकीट धरला जातो. पैसे न घेता, प्रेमाने दिले तरी फरक पडत नाही. भावाने मावशीकडून एक पैसा घेतला नव्हता.

त्याच कलम ५३ मध्ये दोन सवलतीही आहेत. एकाच गाडीतून जाणारे प्रवासी आपसांत जागा बदलू शकतात. म्हणजे तरुणाने आपला खालचा बर्थ म्हातारीला दिला आणि स्वतः वर चढला तर कुणी बोलू शकत नाही. दुसरी सवलत महत्त्वाची. रेल्वेने अधिकार दिलेला कर्मचारी तिकिटावरचे नाव बदलून देऊ शकतो. हे फारच थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही नव्हते.

नाव बदलण्याची रीत अशी. पक्के झालेले तिकीट आपल्या वडिलांच्या, आईच्या, भावाच्या, बहिणीच्या, मुलाच्या, मुलीच्या, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर करता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेच्या चोवीस तास आधी लेखी अर्ज द्यावा लागतो. हे काम घरबसल्या फोनवर होत नाही. तिकीट फोनवर काढलेले असले तरी त्याची छापील प्रत घेऊन जवळच्या आरक्षण केंद्रावर जायचे आणि मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांना भेटायचे. सोबत तिकिटावरच्या प्रवाशाचे मूळ ओळखपत्र, ज्याच्या नावावर करायचे त्याचे ओळखपत्र आणि दोघांच्या नात्याचा पुरावा न्यायचा. अर्जात पी.एन.आर. क्रमांक, गाडीचा क्रमांक, तारीख, कोणाचे नाव काढायचे, कोणाचे घालायचे आणि नाते काय, हे स्वच्छ लिहायचे. नाव एकदाच बदलून मिळते. आज भावाचे काढून बहिणीचे घातले आणि उद्या बहिणीचे काढून आईचे घाला म्हटले, तर होणार नाही. तत्काळच्या तिकिटाला ही सोय नाही.

चोवीस तास आधी म्हणजे आदल्या दिवशी धावत सुटणे नव्हे. आरक्षण केंद्र रविवारी अर्धाच दिवस उघडे असते. सोमवारी सकाळची गाडी असेल आणि तुम्ही रविवारी दुपारी जेवून निघालात, तर दाराला कुलूप दिसेल. अडचण कळली की दुसऱ्याच दिवशी अर्धी सुट्टी टाकून काम उरकावे.

नात्याचा पुरावा म्हटले की आमच्या घरांत खरी पंचाईत सुरू होते. मुलगा-बाप, नवरा-बायको यांचे रेशनकार्डावर भागते. पण बहीण लग्न होऊन गेली की तिचे आडनाव वेगळे, मधले नाव नवऱ्याचे, आधार कार्डावरही नवऱ्याचेच नाव. भावाचे तिकीट तिच्या नावावर करायचे तर दोघे एका आईबापाची लेकरे हे कशावरून? अशा वेळी तिचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला उपयोगी पडतो, कारण त्यावर वडिलांचे नाव असते. कितीतरी घरांत आजोबांच्या पिढीने जुने आडनाव टाकून नवे घेतले. एका भावाने राजपत्रात जाहीर करून कागद नीट करून घेतले, दुसऱ्याचे तसेच राहिले. सख्खे भाऊ, पण कागदावर दोन आडनावे! ज्यांनी राजपत्रात नाव बदलले असेल त्यांनी त्या राजपत्राची प्रत जपून ठेवावी आणि अशा कामाला जाताना सोबत न्यावी. मुलींचे शाळेचे दाखले सासरी पाठवून न देता त्याची एक प्रत माहेरीही ठेवावी, हे आम्ही आमच्या महिला मंडळांना कळकळीने सुचवतो. तिकिटाचे सोडा, पुढे शंभर कामांना ते लागते.

आता त्या आठ नात्यांची यादी पुन्हा वाचा. त्यात सून नाही. सासू-सासरे नाहीत. आजी-आजोबा नाहीत, नातवंडे नाहीत. मावशी, आत्या, काका, मामा, भाचा कुणीच नाही. सासू आजारी पडली आणि तिचे तिकीट सुनेला द्यायचे म्हटले तर नियमात बसत नाही. मात्र तेच तिकीट तिच्या मुलाला देता येते. आमच्या भावाचे तिकीट आमच्या बहिणीच्या नावावर झाले असते, मावशीच्या नावावर झाले नसते. दहा बाय बाराच्या खोलीत ज्या सुनेने सासूची वीस वर्षे सेवा केली, ती रेल्वेच्या लेखी परकी आणि कधीमधी फोन करणारा मुलगा तेवढा घरचा, हे आम्हाला पटत नाही. तिकिटांचा काळाबाजार रोखायचा हे बरोबरच आहे. पण एकाच रेशनकार्डावर नाव असलेल्या सुनेला आणि नातवाला त्या यादीत घेतल्याने काळाबाजार वाढेल असे आम्हाला वाटत नाही. हे रेल्वे मंत्रालयाला लिहून कळवायला हवे. नियम बदलेपर्यंत मात्र नियम आहे तोच पाळायचा.

गटाने जाणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती ठरावीक गटांनाच. मंगल परिणयाचे वऱ्हाड असेल तर वऱ्हाडाच्या प्रमुखाने, मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजची सहल असेल तर संस्थेच्या प्रमुखाने, ४८ तास आधी लेखी मागणी केली तर नावे बदलून मिळतात. तीही एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत. चाळीस जणांच्या वऱ्हाडात चार नावे. बुद्धगया, सारनाथला निघालेली विहाराची धम्म सहल या यादीत बसत नाही. तेव्हा सहलीच्या संयोजकांनी 'आधी तिकिटे काढून ठेवू, माणसे मागाहून बघू' असे चुकूनही करू नये. आधी माणसे पक्की करावीत, त्यांची नावे ओळखपत्रावर आहेत तशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि मगच तिकीट काढावे.

नाव बदलून मिळत नसेल तर सरळ मार्ग उरतो. चौघांच्या तिकिटातले एकच नाव रद्द करता येते, बाकी तिघांच्या जागा तशाच राहतात. गाडीचा चार्ट बनण्याआधी हे करावे. गाडीची वेळ जितकी जवळ येईल तितके पैसे जास्त कापले जातात, म्हणून उद्यावर टाकू नये. नव्या माणसाचे तिकीट त्याच्याच नावाने वेगळे काढावे. आमच्याकडे आठ दिवस होते. मावशीच्या नावाने प्रतीक्षा यादीतले का होईना, तिकीट काढता आले असते. फोनवर काढलेले ते तिकीट चार्ट बनेपर्यंत पक्के झाले नाही तर त्यावर गाडीत चढता येत नाही, पण पैसे आपोआप खात्यात परत येतात. तेही न जमते तर साध्या डब्याचे तिकीट होतेच. हाल झाले असते, पण दंड बसला नसता.

इथे आमच्या वस्त्यांतल्या मुलांविषयी दोन शब्द. प्रत्येक वस्तीत असा एखादा मुलगा असतो जो सगळ्यांची तिकिटे आपल्या फोनवरून काढून देतो. २०२४ च्या जूनमध्ये अशी आवई उठली होती की वेगळ्या आडनावाच्या माणसाचे तिकीट आपल्या खात्यावरून काढले तर तुरुंगात टाकतात. ते खोटे होते. रेल्वेने लगेच खुलासा केला की मित्र, नातेवाईक यांची तिकिटे आपल्या खात्यावरून काढता येतात. मात्र त्यावर वरकमाई घेणे हा गुन्हा आहे. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणाऱ्याला कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. प्रत्येक तिकिटामागे पन्नास रुपये घेणाऱ्या पोराला बहुधा याची कल्पनाही नसते. त्याच्या आईबापांनी त्याला आजच जवळ बसवून सांगावे. पोलीस दारात आल्यावर 'समाजसेवा करत होतो' हे सांगून भागणार नाही.

परवानाधारक एजंटाकडून तिकीट काढताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. तिकिटावर मोबाइल नंबर आपलाच घालायला लावावा. पुष्कळ एजंट घाईत स्वतःचा नंबर टाकतात. मग गाडी रद्द झाली, वेळ बदलली, तर निरोप एजंटाला जातो, आपल्याला नाही. एजंटाकडचे तिकीट रद्द केले की पैसे परत मिळण्यासाठी एक आकडा, ज्याला ओ.टी.पी. म्हणतात, तिकिटावरच्या मोबाइलवर येतो. नंबर एजंटाचा असेल तर आकडाही त्याला आणि पैसेही त्याच्याच हाती. आणि फोन करून कुणी अनोळखी माणूस 'तुमच्या तिकिटाचे पैसे परत देतो, आकडा सांगा' म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. म्हणूनच तिकिटाचा फोटो वस्तीच्या मोठ्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. नाव, वय, कुठल्या दिवशी घर बंद असणार, सगळे त्यातून जगजाहीर होते.

आता ज्याचे तिकीट त्यालाच ते पाठवायचे आहे, हे तर नेहमीचेच काम. मुलगा मुंबईत, आई-वडील यवतमाळला किंवा नांदेडला. मुलगा तिकीट काढतो आणि पाठवतो. त्यात काहीच गैर नाही, कारण नाव त्यांचेच असते. पण पाठवले म्हणजे पोहोचले असे धरून चालू नये. १९०१ साली बालभीमराव आपल्या भावासह आणि भाच्यांसह वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले, तेव्हा त्यांना घ्यायला कुणीच आले नव्हते. पत्र लिहिले होते, ते पोहोचलेही होते, पण शिपायाने ते वडिलांच्या हाती दिलेच नाही. पुढे त्या मुलांवर काय प्रसंग गुदरला तो आपल्या घरांत लहानांनाही ठाऊक आहे. आजचा मेसेजही शेजारच्या पोराच्या फोनवर पडून राहू शकतो. म्हणून पाठवल्यावर फोन करावा आणि समोरच्याला मोठ्याने वाचायला लावावे. नाव, गाडीचा क्रमांक, डबा, बर्थ, कुठून बसायचे आणि तारीख. रात्री बारानंतर सुटणाऱ्या गाडीची तारीख तर दोनदा विचारावी. तिकिटावर १३ तारीख, गाडी रात्री साडेबाराला. म्हणजे १२ च्या रात्री जेवून निघायचे, हे न कळल्याने गाडी चुकलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आई-वडिलांचा फोन साधा, बटणांचा असला तरी चालतो. तिकिटाचा एस.एम.एस. आणि त्या तिकिटावरच्या एका तरी प्रवाशाचे मूळ ओळखपत्र जवळ असले की पुरे. पण सगळ्यांनीच आपापले ओळखपत्र घ्यावे. ज्याच्या खिशात एकुलते ओळखपत्र, तोच ऐनवेळी आला नाही, तर बाकीचे अडकतात.

साध्या, बिनराखीव तिकिटावर नाव नसते, म्हणून ते तरी फोनवर पाठवता येईल असे अनेकांना वाटते. सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. मुलगा आपल्या फोनवर लोकलचे तिकीट काढतो, त्याचा फोटो आईच्या फोनवर धाडतो आणि म्हणतो, दाखव हे. ते चालत नाही. ज्या फोनवर तिकीट काढले त्याच फोनवर, रेल्वेच्या ॲपमध्ये उघडूनच ते दाखवावे लागते. फोटोला तिकीट मानत नाहीत. आई वेगळी प्रवास करणार असेल तर तिला खिडकीवरचे कागदी तिकीट काढून द्यावे. रांगेत अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

२०२५ ची अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला आली. आरक्षण खुले झाले त्या सकाळी आम्ही मावशीच्या घरी बसून तिच्या नातवाकडून तिकीट काढून घेतले. आधार कार्ड समोर ठेवून तिचे नाव अक्षर न अक्षर पाहिले. मेसेज आला तेव्हा मावशी नातवाला म्हणाली, "वाच रे, नाव कुणाचं हाय?" त्याने वाचले. "परत वाच," म्हणाली. मग तिने त्याला ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावले, कागदाची घडी घातली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवून दिली. त्या वर्षी येताना तिच्या पिशवीत पुस्तके होती. दोन वर्षांची मिळून.